विडी ओढत नाही, तरी मशीनवर १२: श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडचा आकडा पुन्हापुन्हा बुचकळ्यात टाकतो तेव्हा

तंबाखूमुक्तीच्या शिबिरात श्वासातला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सीओ, मोजायचं हातातलं मशीन वापरायला लागलं की एक तक्रार हमखास येते. जन्मात विडीला हात न लावलेल्या मावशींचा आकडा १२, आणि दिवसभर गालात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, धरून असणाऱ्या काकाजींचा २. पुढच्या गावी पुन्हा तेच. मग मशीन खराब म्हणून कपाटात जातं. त्याहून वाईट म्हणजे चारचौघांत मावशींना विचारलं जातं, "खरं सांगा, लपून ओढता का?" एकदा असं झालं की त्या घरातली बाई पुन्हा तपासणीला येत नाही. बहुतेक वेळा मशीनने आपलं काम चोख केलेलं असतं. फक्त त्याने काय मोजलं, हे आपण नीट तपासलेलं नसतं.

मशीन सीओ मोजतं, तंबाखू नाही. कोणतीही वनस्पती अर्धवट जळली की सीओ होतो, मग ती विडी असो, कापसाची पऱ्हाटी असो की गोवरी. तो फुप्फुसातून रक्तात जातो, हिमोग्लोबिनला घट्ट धरून बसतो आणि श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो. मोकळ्या हवेत, बसल्या जागी, रक्तातला सीओ निम्मा व्हायला साधारण चार ते पाच तास लागतात. झोपेत श्वास संथ असतो, तेव्हा त्याहून जास्त. मशीनचा आकडा पीपीएममध्ये असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत सीओचे किती भाग. श्वासातल्या पीपीएमवरून रक्ताचा अंदाज काढायचं नेहमीचं सूत्र असं आहे: पीपीएमला ०.१६ ने गुणा आणि ०.६३ मिळवा, म्हणजे हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग सीओने अडवलाय ते कळतं. १० पीपीएम म्हणजे सुमारे २.२ टक्के, २० पीपीएम म्हणजे ३.८ टक्के.

ओढणारा आणि न ओढणारा यांच्यातली रेषा जुन्या तक्त्यांत १० पीपीएमवर होती. अलीकडे ती ५ ते ६ वर आणावी असं तज्ज्ञ म्हणतात. शहरात गॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरासाठी ५-६ ची रेषा ठीक आहे. सकाळ-संध्याकाळ चूल पेटणाऱ्या गावात तीच रेषा आंधळेपणाने लावली तर निम्मी शिबिरं गैरसमजात जातील.

खर्रा वेगळा काढा

सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा होतो. त्यात काहीच जळत नाही, म्हणून सीओ तयार होत नाही. पुडी संपेपर्यंत कितीही खाल्ला तरी आकडा १-२ च येणार, आणि ते बरोबर आहे. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. चूक होते ती पुढे. काकाजी मशीनवरचा हिरवा दिवा बघतात आणि आपलं सगळं ठीक आहे असं समजून घरी जातात. म्हणून फक्त खर्रा, नस (तपकीर) किंवा गुडाखू (दातांना घासायची तंबाखूची लेई) वापरणाऱ्याला फुंकायला लावूच नका. त्यांचं तोंड बघा. आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात जातात का ते विचारा. गालाच्या आत पांढरा चट्टा, ताठरपणा, तिखट लागलं की आग, ही लक्षणं सीओच्या आकड्यापेक्षा खूप जास्त सांगतात. सोडल्याची खात्री करायचीच असेल तर लाळेतला किंवा लघवीतला कोटिनिन तपासावा लागतो. निकोटीनपासून शरीरात होणारा हा पदार्थ निम्मा व्हायला १६ ते २० तास घेतो, त्यामुळे दोन-तीन दिवसांपूर्वीचा खर्राही त्यात सापडतो.

आधी ओळखीचा श्वास

दोष मशीनचा, हवेचा की माणसाचा, हे ठरवायला एक साधी सवय पुरते. चमूतला असा एक जण निवडा, जो ओढत नाही आणि ज्याच्या घरी गॅसवर स्वयंपाक होतो. रोज शिबिर सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर त्याचा श्वास मोजून वहीत लिहा. त्याचा आकडा १ ते ३ च्या आत राहायला हवा. आपलं शरीर जुन्या रक्तपेशी मोडताना थोडा सीओ स्वतःच तयार करतं, म्हणून पक्का शून्य आला नाही तरी घाबरू नका.

ओळखीचा श्वास नेहमीसारखा आणि समोरच्याचा १२ असेल, तर कारण त्या माणसात शोधा. ओळखीचा श्वासही ७ वर गेला, तर मशीन बंद करून बाहेर न्या. चूल, मोटारसायकल, जनरेटर यांच्यापासून पन्नासेक पावलं लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा आणि पुन्हा मोजा. आकडा उतरला तर दोष खोलीतल्या हवेचा. उतरला नाही तर सेन्सरचा.

शून्य कुठे धरला?

बरीच मशीनं सुरू होताना भोवतालच्या हवेलाच शून्य मानतात. काही आधी हवेतला सीओ दाखवतात आणि तेवढा वजा करतात. आपलं कोणत्या जातीचं आहे ते पुस्तिकेत बघून मशीनच्या मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

समजा शाळेच्या खोलीत शिबिर आहे आणि भिंतीपलीकडे पोषण आहाराची खिचडी चुलीवर शिजतेय. खोलीतल्या हवेत ६ पीपीएम सीओ आहे. तिथे मशीन सुरू केलं तर ते ६ ला शून्य म्हणेल. नंतर जो अंगणात जाऊन फुंकेल त्याचा आकडा ६ ने कमी येईल, आणि १४ चा विडीवाला ८ दाखवून सुटेल. उलटही होतं. सकाळी बाहेर शून्य धरला, मग लोडशेडिंग झालं आणि खिडकीखाली जनरेटर लावला. आता प्रत्येक जण तीच हवा छातीत भरून रोखतो आणि सगळ्यांचे आकडे दोन-चारने वर जातात. एकाच सत्रात सगळे आकडे सारख्याच प्रमाणात सरकले असतील, तर माणसांना दोष देऊ नका. दारं-खिडक्या उघडा, जनरेटर लांब न्या, किंवा सरळ झाडाखाली बसा. शून्य उघड्यावर धरा आणि जागा बदलली की पुन्हा धरा.

फुंकण्यातली गडबड

इथे सगळ्यात जास्त आकडे बिघडतात, आणि ते बहुधा खाली जातात. पद्धत अशी: आधी पूर्ण श्वास सोडा, मग छाती भरून घ्या, १५ सेकंद रोखा, ओठ नळीभोवती घट्ट मिटा आणि हळूहळू, छाती रिकामी होईपर्यंत सोडा. रोखायचं ते रक्तातला सीओ फुप्फुसातल्या हवेत यायला वेळ मिळावा म्हणून. श्वासाचा पहिला भाग, मोठ्या माणसात साधारण १५० मिली, घशातला आणि श्वासनळीतलाच असतो. त्यात रक्ताकडून काहीच आलेलं नसतं. खरा आकडा शेवटच्या हवेत असतो.

समोर बसलेल्या माणसाकडे या १५ सेकंदांत नीट बघा. मशीनची उलटी मोजणी सुरू होते, आठवर येता येता त्याच्या नाकपुड्या हलतात, खांदे खाली येतात आणि गुपचूप अर्धा श्वास नाकातून निघून जातो. बीप वाजल्यावर तो उरलेली हवा एकदम भस्सकन् सोडतो. ओढणाऱ्याचा आकडा ९ येतो, जो १५ यायला हवा होता. म्हणून नाक हलक्या हाताने धरायला सांगा आणि मोजणी आपण मोठ्याने करा: "काकाजी, थांबा... अजून पाच... आता हळू सोडा, सोडत राहा, सोडत राहा." दोन वेळा मोजा, मधे दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. दोन्हींत २ पीपीएमपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा.

दम्याच्या किंवा जुन्या खोकल्याच्या माणसाला १५ सेकंद जमत नाहीत. त्याला छळू नका. ८ किंवा १० सेकंद रोखू द्या, आकड्याशेजारी तेवढे सेकंद लिहा आणि पुढच्या वेळीही तेवढेच रोखून घ्या. त्याची तुलना त्याच्याच मागच्या आकड्याशी होईल, दुसऱ्या कोणाशी नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर फुंकायला लावण्याआधी थुंकी तपासणीला पाठवा. नळी प्रत्येकाला नवी. एकमार्गी झडपेचा तुकडा कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, साधारण महिन्याला, बदला.

शेवटची विडी कधी ओढली हे विचारणंही पद्धतीचाच भाग आहे. ओढून लगेच फुंकलं तर तोंडातला धूरच मोजला जातो. विडीच्या धुरात सीओ पीपीएममध्ये नसतो, टक्क्यांत असतो. दहा मिनिटं थांबा. उलट रात्री नऊला शेवटची ओढून सकाळी सातला आलेल्याचा २४ पीपीएमचा आकडा ६-७ पर्यंत उतरलेला असू शकतो. म्हणून कडक उन्हाळा सोडला तर पाठपुराव्याची तपासणी दुपारनंतर ठेवा, आणि दर वेळी साधारण त्याच तासाला.

मावशींचे १२ खरेच असतात

कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या, तूर निघाली की तुराट्या, आणि बारा महिने गोवऱ्या. विदर्भातल्या बऱ्याच घरांचं सरपण हेच. पऱ्हाटी पटकन पेटते, पण ओलसर असली की धुमसते, आणि धुमसणारी आग सगळ्यात जास्त सीओ देते. उज्ज्वला योजनेपासून, म्हणजे २०१६ पासून, घरात सिलिंडर आला तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी पुष्कळ ठिकाणी चुलीवरच असतं. त्यामुळे "गॅस आहे का?" हा प्रश्न कामाचा नाही. "आज सकाळी चूल पेटवली का, किती वाजता, किती वेळ बसलात, छपराला धूर जायला वाट आहे का?" हे विचारा.

जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेची मर्यादा १५ मिनिटांसाठी दर घनमीटरला १०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे सुमारे ८७ पीपीएम, आणि ८ तासांसाठी १० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ९ पीपीएम. बंद स्वयंपाकघरात धुमसत्या चुलीपुढे बसलेली बाई ही मर्यादा सहज ओलांडते. पहाटे दीड तास चुलीपुढे आणि दहाला शिबिरात, तर तिच्या श्वासात ८ ते १२ दिसणं अजिबात अनपेक्षित नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेव्हाही असंच होतं. वीटभट्टीवर आणि थंडीत बंद खोलीतल्या शेकोटीपुढेही तेच.

खात्री करायची असेल तर त्याच बाईला दुसऱ्या दिवशी चूल पेटवायच्या आधी मोजा. रात्रभरात आकडा ४-५ वर आला आणि चुलीनंतर पुन्हा चढला, तर कारण सापडलं.

गरोदर बाईचा असा आकडा "ती ओढत नाही" म्हणून सोडून देऊ नका. धूर कुठलाही असो, सीओ बाळापर्यंत पोचतो, आणि बाळाच्या रक्तातून तो आईपेक्षा सावकाश निघतो. ब्रिटनमध्ये गरोदरपणात ४ पीपीएमलाच पुढची मदत द्यायला सांगितलं जातं. इथे त्याचा अर्थ एवढाच की ४ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर आशाताईंनी घरी जाऊन चूल, धुराची वाट आणि घरातली विडी ओढणारी माणसं बघावीत. न ओढणाऱ्या कोणाचाही आकडा ३० च्या वर असेल, सोबत डोकेदुखी, मळमळ, गरगरणं असेल, तर तो शिबिराचा विषय राहत नाही. आधी मोकळी हवा, मग ऑक्सिजन असलेलं रुग्णालय. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसला म्हणून थांबू नका. साधा ऑक्सिमीटर सीओने अडलेलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजनवालंच समजतो.

पोटातला हायड्रोजन, बाटलीतला स्पिरिट

चूल नाही, विडी नाही, तरी ८? मग पोटाचा विचार करा. दूध न पचणाऱ्या माणसाच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू साखर आंबवून हायड्रोजन करतात, आणि तो श्वासात येतो. दुधाची पचनक्षमता तपासणारी श्वासचाचणी याच हायड्रोजनवर चालते, तिथे २० पीपीएमची वाढ म्हणजे दोष मानतात. काहींचा हायड्रोजन १०० च्याही वर जातो. सीओचा सेन्सर हायड्रोजनलाही थोडा भुलतो. चांगल्या मशीनमध्ये ही भूल ६ टक्क्यांच्या आत असते, म्हणजे १०० पीपीएम हायड्रोजनचे पडद्यावर ६ पीपीएम सीओ. सेन्सर जुना किंवा स्वस्तातला असेल तर याहून जास्त.

ओळखायचं असं: उपाशीपोटी मोजा, मग ग्लासभर दूध द्या, धुरापासून लांब बसवा आणि दीड तासाने पुन्हा मोजा. दुधाने सीओ वाढत नाही. आकडा चढला तर तो हायड्रोजन.

दारूची वाफही तेच करते, रात्रीची मोहाची असली तरी. आणि आपला सॅनिटायझर विसरू नका. ओल्या हाताने मशीन धरलं की आकडा उड्या मारतो. हात पूर्ण सुकू द्या, मशीन पाण्याने किंचित ओल्या फडक्याने पुसा, स्पिरिटच्या बोळ्याने कधीच नाही. ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये स्पिरिटच्या बाटलीशेजारी महिनाभर ठेवलेलं मशीन आतून हळूहळू मरतं.

सिकलसेलचं कार्ड विचारा

विदर्भात हा प्रश्न सोडून चालत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. एसएस रुग्णाच्या, म्हणजे आई-वडील दोघांकडून हा दोष आलेल्याच्या, लाल पेशी लवकर फुटतात. त्यातला हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, मोडताना दर रेणूमागे एक रेणू सीओ तयार होतो. त्यामुळे विडी आणि चूल दोन्ही नसताना त्याचा आकडा इतरांपेक्षा काही पीपीएमने वर राहतो, सकाळी-संध्याकाळी फारसा हलत नाही आणि दुधाने बदलत नाही. मलेरियातही पेशी फुटतात, तेव्हा ताप असलेल्याचा आकडा त्या दिवशी गृहीत धरू नका. कार्ड नसेल आणि आकडा असाच चिकटून ५-८ वर राहत असेल, सोबत फिकेपणा किंवा सांधेदुखी असेल, तर सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी, म्हणजे सोल्युबिलिटी चाचणी, सुचवा.

आता सेन्सर

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या पुढे जातो. बहुतेक मशीनं ४० अंशांपर्यंतच भरवशाची असतात. सेन्सरमध्ये आम्लाचा द्राव असतो. सीओ त्यावर जळतो आणि त्यातून निघणारा विजेचा सूक्ष्म प्रवाह मोजला जातो. उष्णतेत हा प्रवाह बदलतो आणि कोरड्या हवेत द्रावातलं पाणी उडत जातं. म्हणून उन्हाळ्यात शिबिर सकाळी अकराच्या आत आटोपा, मशीन जीपच्या डॅशबोर्डवर नको. पावसाळ्यात आणि डिसेंबरच्या सकाळी उलट अडचण होते. दहा-बारा जणांनंतर नळीच्या बुडाशी आणि झडपेच्या पाकळीवर बारीक थेंब दिसतात. तिथे पाणी साचलं की वाट अडते आणि आकडे हळूहळू खाली घसरतात. तुकडा काढा, झटका, कोरडा करा, दहा मिनिटं थांबा.

मोटारसायकलच्या सायलेन्सरसमोर धरून "चालतं का" बघणं पूर्ण बंद करा. सेन्सर भरून जातो आणि शून्यावर यायला काही तास घेतो.

मशीनची तपासणी सहा महिन्यांनी, ५० पीपीएम सीओ असलेल्या सिलिंडरमधल्या गॅसने. आधी काहीही न बदलता, मशीन जे दाखवेल ते लिहा. ४५ ते ५५ असेल तर चालेल. स्वच्छ हवेत १ आणि गॅसवर ४० आला, तर सेन्सरची ताकद कमी झालीय. त्याचे मधल्या काळातले सगळे आकडे साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होते असं समजा आणि काठावरच्यांना पुन्हा बोलवा. स्वच्छ हवेत ५ आणि गॅसवर ५५ आला, म्हणजे दोन्हीकडे सारखाच ५ चा फरक, तर फक्त शून्य सरकलाय. मोकळ्या हवेत पुन्हा धरा. शून्य धरूनही दर आठवड्याला सरकत असेल आणि सेन्सरची मुदत संपत आली असेल, तर तो बदलायचा आणि बदलल्यावर पुन्हा ५० च्या गॅसने लावून घ्यायचा. गॅसचा छोटा सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा नाही. मुदत संपलेल्या गॅसवर मशीन लावलं तर चांगलं मशीनही चुकीचं होतं, म्हणून मशीनला हात लावायच्या आधी सिलिंडरवरची तारीख वाचा.

वहीत प्रत्येक आकड्यापुढे एवढं हवं: वेळ, शेवटची विडी कधी, चूल कधी आणि कशावर, किती सेकंद रोखला, सिकलसेल आहे का, त्या दिवशीचा ओळखीचा श्वास. दुरुस्तीला मशीन पाठवताना या वहीची शेवटची दोन पानं सोबत जोडा. ती असली तर दुरुस्ती करणाऱ्याला दोष कुठे शोधायचा हे लगेच कळतं.